हवाला, अनामत आणि बाळकुमचा नाका

हवाला या शब्दाची आपल्याकडे फार बदनामी झाली. १९९०च्या दशकात जैन हवाला प्रकरण गाजलं आणि तेव्हापासून हवाला म्हटलं की नोटांनी भरलेली बॅग आणि पोलिसांची धाड एवढंच डोळ्यांपुढे येतं. मूळ अरबी शब्दावर असा कोणताच डाग नाही. ह-व-ल या धातूचा अर्थ पालटणं, एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणं. त्यातून ‘हाल’ म्हणजे अवस्था. मराठीत हाल नेहमी वाईटच असतात, ही भर आपली. हालचं अरबी अनेकवचन ‘अहवाल’. समित्या सादर करतात तो हाच. ‘बहाल’ही त्याच घरातलं. आणि ‘हवाला’ म्हणजे एकाच्या अंगावरचं देणं दुसऱ्याच्या अंगावर सोपवणं. मी तुमचे शंभर रुपये लागतो, मला तिसऱ्याकडून शंभर यायचे आहेत. मी तुम्हाला त्याच्याकडे पाठवतो आणि तो ते कबूल करतो, हा हवाला. आपण एखाद्याला पोलिसांच्या ‘हवाली’ करतो, जुन्या ग्रंथाचा ‘हवाला’ देतो, आणि किल्ला ज्याच्या हवाली असे तो ‘हवालदार’. हवालदिल मात्र या कुळातला नाही. तो ‘हौल’ म्हणजे भीती या शब्दावरून आला. अरबीतले दोन वेगळे ‘ह’ मराठीत येताना एक झाले आणि परके शब्द सख्खे दिसू लागले.

हवाल्याची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिसऱ्याने देणं कबूल केलं की पहिला साधारणपणे मोकळा होतो. त्याची पाटी कोरी. पुढचं काय ते तिसऱ्याने आणि तुम्ही बघून घ्यायचं.

आता दुसरा शब्द घेऊ: अनामत. हाही अरबीच, पण मूळ रूप ‘अमानत’. म आणि न यांनी मराठीत जागा बदलल्या, जसं नुकसानचं नुसकान होतं तसं. अ-म-न हा धातू निर्धास्तपणाचा, विश्वासाचा. त्याच मुळावर ‘इमान’ उभं आहे, ‘अमीन’ उभा आहे. अनामत म्हणजे तुमचीच वस्तू, जी मी सांभाळायला घेतली. ती माझ्या तिजोरीत असली तरी माझी होत नाही. मी ती शेजाऱ्याकडे ठेवायला दिली आणि शेजाऱ्याने हरवली, तर तुम्ही शेजाऱ्याकडे जाणार नाही, माझ्याच दारात उभे राहाल. निवडणुकीतल्या उमेदवाराची अनामत आणि भाड्याच्या खोलीची अनामत यांपुरता हा शब्द आज उरला आहे. पण त्याच्यातला मूळ करार अजून शाबूत आहे: मागितली की परत द्यायची.

हे दोन शब्द शेजारी ठेवण्याचं कारण असं, की आपली वैयक्तिक माहिती परदेशी जाते तेव्हा नेमकं काय होतं याबद्दल व्यापारी आणि कायदा यांच्यात गेली वीसेक वर्षं जी ओढाताण चालली आहे, ती माझ्या मते या दोन शब्दांत मावते. व्यापाराला तो व्यवहार हवाला म्हणून हवा आहे. कायद्याने तो अनामत म्हणून धरला पाहिजे.

कापूरबावडीहून जुना आग्रा रोड धरला की बाळकुम लागतं. पुढे कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पूर्णा अशी भिवंडीकडची गोदामं सुरू होतात. घोडबंदर पट्ट्यातल्या टॉवरमधल्या माणसाने रात्री मोबाइलवर काही मागवलं तर ते बहुधा या गोदामांपैकीच एखाद्यातून निघतं. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर नाव असतं, इमारत, मजला, पिनकोड, पुष्कळदा मोबाइल नंबर. खोकं पूल ओलांडून येतं, प्रवास थोड्याच किलोमीटरचा. त्या कागदावरचा मजकूर मात्र दरम्यान सिंगापूर किंवा आयर्लंडमधल्या यंत्रांवरून फिरून आलेला असू शकतो, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

उलट दिशेची वाहतूक त्याहून जुनी आहे. वागळे इस्टेट, कासारवडवली, खाडीपलीकडचं ऐरोली, महापे इथे रात्रभर दिवे जळतात ते परदेशातल्या लोकांच्या माहितीवर. अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिलं, विम्याचे दावे, बँकेच्या तक्रारी. तिथे काम करणाऱ्या पोरांना विचारा, ती तुम्हाला ‘फ्लोअर’चे नियम तोंडपाठ सांगतील: मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, टेबलावर कागद नाही, पेन नाही, पेनड्राइव्हचं भोक बंद, खुर्चीवरून उठताना स्क्रीन लॉक. टेक्सासमधल्या कुणा आजींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचं बिल ठाण्यातली मुलगी रात्री दोन वाजता तपासते, आणि पहाटेच्या कॅबने बाळकुमला उतरते तेव्हा तिच्या डोक्याखेरीज कुठेही त्यातला एक आकडा नसतो. ही शिस्त आपल्या कायद्याने आणलेली नाही. ती अमेरिकेच्या १९९६च्या आरोग्यविमा कायद्यातून आणि क्लायंटच्या करारातून आली. परक्याची अनामत कशी सांभाळायची हे आपल्या पोरांना उत्तम येतं. आपली अनामत इतक्या निगुतीने कोण सांभाळतं, हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

डेटा या शब्दाचीही गोष्ट सांगायला हवी. लॅटिनमध्ये ‘दातुम्’ म्हणजे दिलेलं. ‘दाता’ त्याचं अनेकवचन. संस्कृतातलं ‘दत्त’ त्याचं सख्खं भावंड, दोन्हींच्या मुळाशी तोच ‘दा’, देणं. म्हणजे डेटा, दान, दत्तक ही एकाच गोत्रातली मंडळी. मराठीत विज्ञानलेखकांनी डेटाला ‘विदा’ असा प्रतिशब्द दिला, विद् म्हणजे जाणणं यावरून. शब्द चांगला आहे, पण बाजारात चालला नाही. बाळकुमच्या रिचार्जच्या दुकानात डेटा म्हणजे रोजचं दीड जीबी. ‘डेटा संपला’, ‘डेटा मार’ ही तिथली भाषा. त्यामुळे सरकारने ‘डेटा संरक्षण’ म्हटलं की निम्म्या लोकांना वाटतं हे नेटपॅकबद्दल काहीतरी आहे. आपलं नाव, जन्मतारीख, रक्तगट, कर्जाचा हप्ता, मुलीच्या शाळेचा पत्ता असं कोणीही ‘डेटा’ या शब्दात ऐकत नाही. कायद्याचं पहिलं नुकसान इथे, शब्दाशीच होतं.

व्यापाऱ्यांचं म्हणणं मला समजून घ्यावंसं वाटतं, कारण त्यातलं बरंच खरं आहे.

एप्रिल २००५मध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरचं प्रकरण उघडकीला आलं. सिटीबँकेच्या न्यूयॉर्कमधल्या ग्राहकांकडून काही कर्मचाऱ्यांनी गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर इकडच्या खात्यांत वळवले. कुलूप कुणी फोडलं नव्हतं. किल्ल्या मागितल्या आणि मिळाल्या. साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत भारताच्या आउटसोर्सिंगवर प्रश्नचिन्ह लागलं. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमने २००८मध्ये डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था उभी केली, आणि त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ४३अ आलं: संवेदनशील माहिती हलगर्जीपणाने सांभाळली तर भरपाई द्यावी लागेल.

त्या कलमाखालचे नियम एप्रिल २०११मध्ये निघाले आणि उद्योग हादरला. नियमांत लिहिलं होतं, संवेदनशील माहिती घेण्याआधी माणसाची लेखी संमती घ्या. म्हणजे ठाण्यात बसून बिल तपासणाऱ्या कंपनीने टेक्सासच्या आजींची लेखी संमती घ्यायची? त्या आजींना ठाणं हे नावही माहीत नाही. अमेरिकन क्लायंट बिथरले, इथल्या कंपन्यांनी दिल्ली गाठली, आणि २४ ऑगस्ट २०११ला सरकारने खुलासा काढला की परदेशी कंपनीशी करार करून सेवा देणाऱ्यांना ही अट लागू नाही. इथे व्यापाऱ्यांची तक्रार रास्त होती. संमती हा शब्द सम् आणि मन् यांचा, मन जुळणं. ज्याला समोरचा माणूस ठाऊकच नाही त्याचं मन कुणाशी जुळणार? मराठी माणसाच्या कानाला या शब्दातलं कायद्याचं वजन १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यापासून माहीत आहे. तेव्हा टिळक-आगरकरांच्या वादात त्यावर केवढी शाई सांडली. त्या शब्दाचं आज मोबाइलवरच्या एका चौकोनातलं टिचकीभर ‘आय अ‍ॅग्री’ झालं आहे. त्याला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

पुढचा वाद नाक्याचा. ठाण्यात नाके फार. तीन हात नाका, माजिवडा नाका, बाळकुम नाका. भिवंडी-कल्याणकडे जाणाऱ्या मेट्रो ५च्या एका स्थानकाचं नावसुद्धा बाळकुम नाका. नाका म्हणजे वाट अडवता येते अशी जागा. मग तिथे चौकी बसते, चौकीवर जकात. जकात हाही प्रवासी शब्द: अरबीत तो धर्मार्थ दान, आपल्याकडे मालावरचा कर. मुलुंडच्या नाक्यावर मुंबईची जकात भरायला ट्रकांच्या रांगा लागत, त्या १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा संपल्या. चौक्या गेल्या, नाके नावापुरते राहिले.

जीएसटी आला त्याच वर्षी, २४ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत अधिकार ठरवला. मग एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशाच्या व्यवहारांची सगळी माहिती फक्त भारतातच साठवण्याचा हुकूम काढला, मुदत सहा महिने. जुलैमध्ये डेटा संरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल आला. त्यासोबतच्या मसुद्यात प्रत्येक वैयक्तिक माहितीची एक प्रत भारतात ठेवण्याची आणि काही ‘अतिमहत्त्वाची’ माहिती देशाबाहेर जाऊच न देण्याची तरतूद होती. म्हणजे नाका, आणि तोही कडेकोट. नॅसकॉमने विरोध केला. डेटा सिक्युरिटी कौन्सिलच्या प्रमुख समितीच्या सदस्य होत्या, त्यांनीही वेगळं मत नोंदवलं. त्यांचा मुद्दा सरळ होता: ज्या देशाची रोजीरोटी जगाची माहिती इकडे येण्यावर चालते, त्याने स्वतःच्या माहितीला कुंपण घातलं तर उद्या जगही घालेल. ठाण्याच्या रात्रपाळीचा विचार केला तर हा धाक पोकळ नाही.

पण व्यापाऱ्यांचा सूर एकच होता असं समजू नये. पेटीएमसारख्या देशी कंपन्यांनी रिझर्व्ह बँकेच्या हुकुमाचं स्वागत केलं. भारतीयांचा डेटा भारतीयांच्याच मालकीचा असावा असं मुकेश अंबानी जानेवारी २०१९मध्ये जाहीरपणे म्हणाले. ज्यांच्याकडे इथे सर्व्हर बांधायला पैसा आणि जमीन होती त्यांना नाका फायद्याचा, ज्यांचं सगळं बाहेर होतं त्यांना तोट्याचा. पनवेलला, महाप्याला, ऐरोलीला डेटा सेंटरं उभी राहत गेली त्यामागे हेही एक कारण. हुकूम न पाळल्याबद्दल २०२१मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि मास्टरकार्डला नवी कार्डं द्यायला रिझर्व्ह बँकेने बंदी घातली, तेव्हा नाका खरा आहे हे सगळ्यांना कळलं.

नाक्यावर माझा फारसा विश्वास नाही. २०१८च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी मोबाइलच्या कॉल नोंदी विकणारी टोळी पकडली. त्या नोंदी देशातच होत्या. इथल्याच माणसांनी, इथल्याच माणसांना विकल्या, गिऱ्हाईक होते खासगी गुप्तहेर. आणि ऑक्टोबर २०१६मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर ठाणे पोलिसांनी घातलेली धाड आठवून पाहा. अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिथल्या लोकांना लुबाडलं जात होतं. त्या लोकांची नावं-नंबर कुठून आले? अमेरिकन न्यायखात्याने आरोपपत्रासोबत सांगितलं, माहिती विकणाऱ्या दलालांकडून आणि इतर मार्गांनी. अमेरिकेतच ती बाजारात होती. माहिती कुठल्या देशातल्या यंत्रावर आहे यावरून ती सुरक्षित आहे की नाही हे ठरत नाही. ती कुणाच्या इमानावर आहे, आणि इमान सुटलं तर कुणाला पकडायचं हे ठरलेलं आहे की नाही, यावरून ठरतं.

आपल्या जुन्या व्यापाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. हुंडीची परिभाषा पाहा. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी पैसे, मुदती हुंडी ठरल्या मुदतीने. ‘शाहजोग’ हुंडी फक्त प्रतिष्ठित शाह, म्हणजे सावकारालाच चुकती करायची, कुणाही उपऱ्याला नाही. उद्या भानगड निघाली तर पैसे कुणी नेले हे सांगता यावं म्हणून. हुंडी हरवली तर दुसरी प्रत ‘पेठ’, तीही हरवली तर तिसरी ‘परपेठ’. आणि हुंडी वटली नाही तर ज्याने काढली त्याच्याकडे परत. पुण्याच्या सावकाराने काशीच्या पेढीवर हुंडी काढली म्हणून तो सुटला असं होत नसे. कागद शेकडो कोस जाई, जबाबदारीचा दोर मात्र काढणाऱ्याच्या हातात राही.

आता पुन्हा कायद्याकडे. श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यानंतर आलेलं २०१९चं विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेलं, एक्याऐंशी दुरुस्त्या घेऊन परतलं, ऑगस्ट २०२२मध्ये मागे घेतलं गेलं. शेवटी ११ ऑगस्ट २०२३ला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच्या सोळाव्या कलमात नाका जवळजवळ उठवला आहे: सरकार ज्या देशाचं नाव जाहीर करून मनाई करील तो सोडून माहिती कुठेही जाऊ शकते. त्याआधीच्या मसुद्यात उलट होतं, ज्या देशांना परवानगी तेवढेच खुले. व्यापाऱ्यांचं म्हणणं इथे बऱ्याच अंशी मान्य झालं. रिझर्व्ह बँकेच्या हुकुमासारखे कडक नियम मात्र तसेच राहिले.

मला या कायद्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते आठव्या कलमाचं पहिलं पोटकलम. माहिती गोळा करणाऱ्याला कायदा ‘डेटा फिड्युशरी’ म्हणतो. लॅटिन ‘फिदेस’, म्हणजे श्रद्धा, इमान. ज्याच्या इमानावर ठेव ठेवली तो. म्हणजे चक्क अनामतदारच. पोटकलम सांगतं की त्याने काम दुसऱ्या कुणाला करायला दिलं, करारात काहीही लिहिलं, तरी जबाबदार तोच. हवाल्याची सोय इथे बंद. त्याहून मजा म्हणजे परदेशी क्लायंटच्या लोकांची माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांना सतराव्या कलमात मोठी सूट आहे, २०११च्या खुलाशाची ती थेट वारसदार. पण त्या सुटीतूनही ही जबाबदारी आणि सुरक्षेची अट वगळलेली नाही. टेक्सासच्या आजींची संमती मागू नका, पण त्यांची ठेव सांभाळा. हा तोडगा मला न्याय्य वाटतो. कॅनडाने २०००च्या कायद्यात हेच तत्त्व घातलं होतं, की माहिती तिसऱ्याकडे गेली तरी उत्तर देणारा पहिलाच.

युरोपचा मार्ग वेगळा. तिथे मे २०१८पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं संरक्षण ‘पुरेसं’ आहे असा शिक्का लागतो; जपानला तो २०१९मध्ये मिळाला, भारताला नाही. शिक्का नसेल तर ठराविक साच्याची करारकलमं सही करायची. ठाण्यातल्या वीस माणसांच्या कंपनीलाही जर्मन क्लायंट हवा असेल तर ही चळत वाचावी लागते: कोणती माहिती, किती दिवस, पुढे कुणाकडे, आणि भारत सरकारने मागितली तर काय करणार. या शेवटच्या प्रश्नाशी छोटा उद्योजक अडखळतो, कारण उत्तर त्याच्या हातात नाही. आपल्या कायद्याने सरकारला स्वतःसाठी ज्या रुंद सवलती ठेवल्या आहेत, त्यांची किंमत अशी बाळकुम-कोलशेतच्या कचेरीत मोजली जाते. ‘आम्हाला नियम नको असं नाही, एकच नियम द्या आणि तो बदलू नका’ हे या मंडळींचं बोलणं मी मनापासून उचलून धरतो. मोठ्या कंपन्यांना दंड परवडतो. मेटाला मे २०२३मध्ये आयर्लंडच्या नियामकाने माहिती अमेरिकेत नेल्याबद्दल १.२ अब्ज युरोंचा दंड केला, ती कंपनी जागची हलली नाही.

मात्र याच मंडळींचं दुसरं बोलणं मला अजिबात पटत नाही: ‘खासगी असं आपल्या लोकांना काही नसतंच, ते स्वतःच सगळं सांगत सुटतात.’ खासगी हा शब्द मराठीला परका नाही. ‘खास’वरून आलेली पेशवाईतली खासगी म्हणजे घरचा, राज्याच्या हिशेबापासून वेगळा ठेवलेला कारभार, तो पाहणाऱ्यांचं आडनावच खासगीवाले झालं. होळकरांचीही खासगी होती. आपलं आणि दौलतीचं यांत रेघ मारायला आपल्याला येत होतं. ‘गोपन’ही तसंच: गुप् या धातूचा आधीचा अर्थ राखणं, लपवणं नंतरचा. बाळकुमच्या पाड्यांतली माणसं सातबाऱ्यावरच्या एका नावासाठी वर्षानुवर्षं तलाठ्याच्या दारात उभी राहिली आहेत. जमिनीचा फेरफार करायचा तर संबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तीच माणसं आपली माहिती सहज देतात असं दिसतं, कारण तिच्यावर कुणी कधी नोटीस काढलीच नाही.

तशी नोटीस काढण्याची संधी आता आली आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. सूचना आणि संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणजे मराठीतही. येत्या काळात बँका, रुग्णालयं, अ‍ॅपवाले यांच्या कचेऱ्यांत हे मराठी मजकूर लिहिले जातील. ते यंत्राकडून किंवा हिंदीवरून उलथून आले तर ‘वैयक्तिक डेटाचे सीमापार हस्तांतरण’ असली वाक्यं निघतील आणि लोक न वाचता अंगठा दाबतील. लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की साधं लिहा: ‘तुमचं नाव, मोबाइल नंबर आणि आजाराची माहिती आम्ही तुमची अनामत म्हणून ठेवतो. ती सिंगापूरच्या अमुक कंपनीकडे कामासाठी जाईल. तिथे काही बिघडलं तर जबाबदार आम्हीच. परत मागायची, पुसून टाकायची असेल तर या नंबरवर फोन करा. मराठीत बोलणारा माणूस फोन उचलेल.’